चिंचिला : अँडीजच्या कड्यांवरचा आणि पिंजऱ्यातला

कातळफूल (धागाकर्ती)

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातल्या विकुन्या, लामा आणि अल्पाका या लोकरीच्या प्राण्यांवर इथे मागे सविस्तर चर्चा झाली, त्या वेळी चिंचिलाचा उल्लेख ओझरता आला आणि तिथेच राहिला. त्याच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे असे तेव्हापासून मनात होते, कारण पिंजऱ्यांमध्ये लाखोंनी पैदास होणारा आणि त्याच वेळी मूळ मुलुखात कड्याकपारींतल्या थोड्या वसाहतींपुरता उरलेला असा हा प्राणी आहे. या दोन अवस्थांचा एकमेकींशी नेमका काय संबंध आहे, हा माझ्या या लेखनाचा मुख्य विषय आहे.

चिंचिला हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला आहे. गिनीपिग त्याचा बऱ्यापैकी जवळचा नातेवाईक लागतो, आणि आपल्याकडच्या डोंगररानांत राहणारे साळिंदर त्याचे दूरचे. या कुळाचे पूर्वज सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिका चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असताना, बहुधा समुद्रात वाहत आलेल्या झाडोऱ्याच्या तराफ्यांवरून आफ्रिकेतून तिथे पोहोचले, असे अभ्यासक मानतात. चिंचिलाच्या आज दोन जाती आहेत. लांब शेपटीची जात चिलीच्या कोकिंबो भागातील, समुद्रापासून फार दूर नसलेल्या कोरड्या डोंगरांवर राहते. आखूड शेपटीची जात अंगाने जरा थोराड आणि छोट्या कानांची असून ती चिली, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या सीमेलगतच्या उंच, थंड पठारांवर आढळते. पेरूमध्ये ती पूर्वी होती. आता तिथून ती नाहीशी झाल्याचे मानले जाते.

ज्या फरमुळे या प्राण्याची वाताहत झाली, तो फर आधी नीट समजून घ्यायला हवा. माणसाच्या डोक्यावरील एका केसमुळातून एक, दोन, फार तर तीन-चार केस निघतात. चिंचिलाच्या एकेका केसमुळातून साठच्या आसपास निघतात. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत याहून दाट लोकर दुसऱ्या कोणाची नाही. दिवसा खडक तापवणारे आणि रात्री हाडे गोठवणारे तिथले हवामान पाहिले की या दाटपणाचे कारण लक्षात येते. असा फर एकदा भिजला की लवकर वाळत नाही आणि ओलसर राहिला तर त्वचेवर बुरशी धरते. म्हणून चिंचिला पाण्याने अंग धूत नाही, तर ज्वालामुखीच्या बारीक राखेत किंवा भुरभुरीत मातीत लोळतो, आणि ती धूळ केसांमधील तेलकटपणा व ओल शोषून घेते. पाणी पिण्याच्या बाबतीतही तो काटकसरी आहे. दव, निवडुंगाचा गर आणि रसाळ पाने यांवर त्याचे बरेचसे भागते. कोल्ह्याने किंवा घुबडाने झडप घातली तर पकडलेल्या जागचे केस सुटून येतात, भक्षकाच्या तोंडात केसांचा पुंजका राहतो आणि चिंचिला कपारीत निसटतो.

दुसरी गोष्ट त्याच्या प्रजननाची. घरातल्या उंदराचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा असतो. चिंचिलाचा १११ दिवसांचा. एका वेळी बहुधा दोनच पिले होतात, पण ती अंगावर पूर्ण केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात आणि काही तासांतच हिंडूफिरू लागतात. कमी पिले द्यायची, ती तयार होऊन बाहेर येऊ द्यायची आणि दीर्घ काळ जगायचे, अशी ही रीत आहे. पिंजऱ्यात नीट निगा राखली तर चिंचिला १५ ते २० वर्षे जगतो. भक्षक मोजके आणि अन्न जेमतेम असलेल्या कड्यावर ही रीत उत्तम चालते. हजारो माणसे सापळे घेऊन आली की तीच रीत त्याच्या मुळावर येते, कारण मारले गेलेले प्राणी भरून काढण्याइतका वेग तिच्यात नाही.

माणसाचा आणि चिंचिलाचा संबंध जुना आहे. अँडीजमधील लोक त्याचे मांस खात आणि त्याचे कातडे वापरत, आणि तरीही शतकानुशतके तो प्राणी टिकून होता. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात होसे दे अकोस्ता या स्पॅनिश धर्मगुरूने खारीसारख्या या लहान प्राण्याच्या विलक्षण मऊ कातड्याची नोंद केली आहे. चिलीतून हद्दपार होऊन इटलीत स्थायिक झालेल्या हुआन इग्नासियो मोलिना यांनी १७८२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेच्या बाजारांत फरला मागणी आली तेव्हा चित्र पालटले. चिलीतून १८२८ ते १९१६ या काळात लांब शेपटीच्या जातीची ७० लाखांहून अधिक कातडी निर्यात झाल्याचे नोंदींवरून दिसते, आणि दोन्ही जाती मिळून सुमारे २ कोटी १० लाख प्राणी मारले गेले असावेत असा अंदाज केला जातो. एका लांब कोटासाठी शंभर ते दीडशे कातडी लागतात. शिकारी बिळांत धूर करीत, कुत्री सोडीत, आणि पुढे पुढे तर खडकांत सुरुंग लावीत. त्यात प्राणी मरतच, शिवाय ज्या कपारींमध्ये त्यांच्या पिढ्या वाढल्या होत्या त्या कपारीही उद्ध्वस्त होत.

१९१० मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू या चार देशांनी शिकार व व्यापार थांबवण्याचा करार केला. पण बंदीमुळे कातड्यांच्या किमती आणखी वाढल्या आणि दुर्गम डोंगरात कायदा राबवायला माणूस नव्हता. चिलीने १९२९ मध्ये स्वतःचा कायदा केला; प्रत्यक्ष जागेवर संरक्षण मिळण्यासाठी मात्र १९८३ साल उजाडावे लागले, जेव्हा इल्यापेल गावाजवळ औको येथे ४,२२९ हेक्टरांचे ‘लास चिंचिलास’ राष्ट्रीय राखीव क्षेत्र स्थापन झाले. आखूड शेपटीची जात तर चिलीमध्ये जवळजवळ गेल्यातच जमा होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आंतोफागास्ता भागात ती पुन्हा आढळली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज दोन्ही जाती ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेल्या आहेत.

माझे म्हणणे असे आहे की पिंजऱ्यातल्या चिंचिलाची भरभराट आणि रानातल्या चिंचिलाचे जगणे हे दोन स्वतंत्र इतिहास आहेत, आणि पहिल्याच्या आधारावर दुसऱ्याविषयी निश्चिंत होणे चुकीचे आहे. जाणकारांनी यावर मोकळेपणाने लिहावे.

शिरीष_नाशिक

लेख फार आवडला. एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझी पुतणी चिंचिला पाळायचे म्हणते आहे. तिने त्याच्या चित्रफिती पाहिल्या आहेत आणि एका विक्रेत्याने प्राणी मिळवून देण्याची तयारीही दाखवली आहे. आमच्याकडे नाशिकला हिवाळा चांगला असतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. अशा ठिकाणी हा प्राणी सुखाने राहू शकेल का?

पशुवैद्य_सातारा

शिरीषराव, माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. चिंचिलाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो प्रामुख्याने मोठ्या कानांवाटे बाहेर टाकतो, आणि अंगावरचा दाट फर ती उष्णता आतच धरून ठेवतो. तापमान २५ अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो, आणि त्यातच हवा दमट असली तर काही तासांत उष्माघाताने तो दगावू शकतो. म्हणजे नाशिकला उन्हाळाभर रात्रंदिवस वातानुकूलन लागेल, आणि दुपारी वीज गेली तर प्राण्याचा जीव धोक्यात येईल. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्याचे चार महिनेही तितकेच वाईट, कारण ओलसर हवेत त्याचा फर कोरडा राहतच नाही.

दातांचा प्रश्नही लोकांना ठाऊक नसतो. पुढचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. रानात तो चिवट, तंतुमय गवत, साली आणि पाने चघळतो, त्यामुळे ते झिजतात. घरी मात्र त्याला लाडाने सुका मेवा आणि बिया दिल्या जातात. मग दाढा वाढून त्यांची टोके जिभेत व गालात रुततात, मुळे जबड्यात मागे सरकतात आणि प्राणी खाणे सोडतो. हे दुखणे बाहेरून दिसत नाही. मालकाच्या लक्षात येते तेव्हा प्राणी बराच खंगलेला असतो. अशा रुग्णाच्या दाढा तपासून घासण्याचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्याकडे फारच थोडे आहेत, आणि हे मी या व्यवसायातला माणूस म्हणून लिहितो आहे.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा होऊन वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या (साइटीस) परिशिष्टांमधील परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याची तरतूद झाली आहे. रानटी चिंचिला त्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे आणि पाळीव वाणाला तिथे वेगळे काढलेले आहे. परंतु समोरचा प्राणी कुठून आला, आयातीचे कागद आहेत का, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता वनविभागाकडे विचारावे.

शिरीष_नाशिक

मनापासून आभार. पुतणीला हा प्रतिसाद वाचायला दिला. वाचल्यावर तिने हट्ट सोडला आहे, आणि आता तिला लास चिंचिलासविषयी जास्त कुतूहल वाटते आहे.

दूरदेशी_कॅलिफोर्निया

पाळीव चिंचिलाची गोष्ट ज्या राज्यात सुरू झाली तिथेच मी राहतो, म्हणून त्या भागाविषयी थोडी भर घालतो. मथायस चॅपमन हे अमेरिकन खाण अभियंता चिलीमध्ये अॅनाकोंडा या तांब्याच्या कंपनीत काम करीत होते. एका स्थानिक माणसाने त्यांच्याकडे जिवंत चिंचिला विकायला आणला, आणि त्यावरून त्यांना हे प्राणी पाळून वाढवण्याची कल्पना सुचली. त्यांनी वीसहून अधिक माणसे कामाला लावली. तरीही सुमारे तीन वर्षांच्या शोधात नेण्याजोगे जेमतेम ११ प्राणी हाती लागले. १९२० च्या सुमारास डोंगर किती रिकामे झाले होते, याचा हा पुरावाच मानायला हवा. ते प्राणी उंचावरून एकदम खाली आणले तर मरतील हे ओळखून चॅपमन यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने, बऱ्याच महिन्यांत खाली उतरवले, बोटीवर त्यांचे पिंजरे बर्फ ठेवून थंड राखले आणि १९२३ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात आणले. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकी बहुतेकांची वंशावळ या छोट्या कळपाशी जाऊन पोहोचते.

आता माझे मत. कातळफूल यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. पैदास केंद्रे निघाली नसती तर रानातल्या उरलेल्या चिंचिलांवरचा शिकारीचा दाब तसाच राहिला असता आणि ही जात कदाचित १९४० पूर्वीच संपली असती. बाजाराची भूक पिंजऱ्यातल्या प्राण्यांनी भागवली, म्हणून डोंगरातले वाचले. प्राण्यांच्या हालअपेष्टांचे मी समर्थन करीत नाही, पण हा परिणाम नाकारता येईल असे मला वाटत नाही.

कातळफूल

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी गांभीर्याने घेते. रानटी चिंचिलाच्या कातड्यांचा व्यापार ओसरण्यात पैदास केंद्रांचा वाटा असणार, हे मान्य. परंतु तुम्हीच दिलेला पुरावा पाहा. वीस-पंचवीस माणसे तीन वर्षे डोंगर पालथे घालून ११ प्राणी आणतात, याचा अर्थ केंद्रे सुरू होण्यापूर्वीच तो व्यापार आपल्या हाताने संपलेला होता. शिकारीत परतावा उरला नव्हता. त्यामुळे केंद्रांनी चिंचिलाला वाचवले असे म्हणण्यापेक्षा, तो व्यापाराच्या दृष्टीने संपल्यावर व्यापार पिंजऱ्यात गेला असे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

विकुन्याचे उदाहरण इथे उपयोगी पडेल, कारण डोंगर तेच आणि कारणही तेच, मऊ लोकर. १९६० च्या दशकात विकुन्यांची संख्या १० हजारांच्या आसपास उरली होती. आज ती काही लाखांत आहे. याचे एक मोठे कारण असे की विकुन्याला घेरून, त्याची लोकर कातरून पुन्हा मोकळे सोडता येते. ‘चाक्कू’ नावाची ही हाकारे घालून प्राणी घेरण्याची पद्धत इंकांच्या काळापासून चालत आलेली आहे, आणि त्या लोकरीचे पैसे डोंगरातल्या गावांना मिळतात. म्हणजे रानातला जिवंत विकुन्या हा गावाच्या हिताचा आहे. चिंचिलाचा फर कातरून विकला जात नाही. त्याचा बाजार कातड्याचा आहे आणि कातड्यासाठी प्राणी मारावाच लागतो. पैदास केंद्रांचा पैसाही उत्तर अमेरिकेत आणि युरोपात फिरला. इल्यापेलच्या शेळीपालकाला त्यातून काही मिळाले नाही आणि कड्यावरच्या चिंचिलाशी त्याचे काही देणेघेणेही उरले नाही.

शिवाय पिंजऱ्यातला चिंचिला आता निराळा प्राणी झाला आहे. तो मुख्यतः लांब शेपटीच्या जातीपासून आलेला असल्यामुळे आखूड शेपटीच्या जातीला त्याचा काहीच उपयोग नाही. शंभर वर्षांत त्याची निवड आकार, फर आणि रंग यांवर झाली. पांढरा, मखमली काळा, बदामी अशा रंगांचे प्राणी १९५० नंतरच्या दशकांत पुढे आले. त्यांतल्या पांढऱ्या आणि मखमली काळ्या रंगांची जनुके अशी आहेत की जाणकार पैदासकार एकाच अशा रंगाच्या नर-मादीची जोडी लावत नाहीत, कारण दोन्हीकडून तेच जनुक आल्यास गर्भ जगत नाही. घुबडाची सावली कधी न पाहिलेला, गोळीपेंड खाऊन वाढलेला असा प्राणी नेऊन कड्यावर सोडला तर तो तिथल्या वसाहतीची उणीव भरून काढील, यावर माझा विश्वास बसत नाही.

श्रवणवेध

मी श्रवणशास्त्राच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे चिंचिलाशी माझी ओळख वेगळ्या वाटेने झाली. त्याच्या कवटीत मध्यकर्णाची पोकळी खूप मोठी असते आणि अंतर्कर्णापर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे जाते. उंदरांची श्रवणकक्षा बरीचशी वरच्या पट्टीत असते. चिंचिलाला मात्र कमी कंप्रतेचे आवाजही चांगले ऐकू येतात आणि त्याची कक्षा साधारण ५० हर्ट्झपासून ३३ हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे माणसाच्या कक्षेला बरीच झाकणारी आहे. मोठ्या आवाजामुळे कानातील सूक्ष्म रोमपेशी कशा नष्ट होतात, याविषयीचे आपले कितीतरी ज्ञान या प्राण्यावरील प्रयोगांतून आले आहे.

पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या अभ्यासक्रमात हमखास शिकवतात. इंग्रजी ‘डा’ आणि ‘टा’ या ध्वनींमध्ये ओठ-जीभ सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतू कंपू लागण्याचा क्षण यांतील अंतर थोडे थोडे बदलत नेले, तर माणसाला एका ठरावीक जागी ‘डा’ संपून ‘टा’ सुरू झाल्यासारखे वाटते. हे माणसाच्या भाषिक बुद्धीचे खास लक्षण आहे, असे तोवर अनेकांना वाटत होते. प्रशिक्षण दिलेल्या चिंचिलांनीही ती सीमारेषा जवळजवळ त्याच जागी ओढली. म्हणजे बोलीतील भेद ओळखण्याचा काही पाया सस्तन प्राण्यांच्या श्रवणयंत्रणेतच असावा, हा विचार पुढे आला. या प्राण्याचे आपल्यावर ऋण आहे असे मी मनापासून मानते, म्हणून त्याच्या रानातल्या स्थितीविषयी इथे वाचून अस्वस्थ झाले.

रानवाट

चिंचिलाच्या फरबाबत आपल्या देशाने काही भूमिका घेतली आहे का?

पशुवैद्य_सातारा

होय. जानेवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने मिंक (मुंगसासारखा दिसणारा एक फरधारी प्राणी), कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरयुक्त कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. बाहेरही हा धंदा आकसतो आहे; नेदरलँड्सने चिंचिलाची फरपैदास १९९० च्या दशकातच बंद केली, आणि रोमानियाने २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार तिथली मिंक व चिंचिला केंद्रे २०२७ पासून बंद व्हायची आहेत.

रानवाट

आभारी आहे. मग शिकार थांबली, फरचा बाजारही ओसरतो आहे, तरीही रानातला चिंचिला सावरत का नाही, हे समजून घ्यायला आवडेल.

कातळफूल

कारण मधल्या काळात त्याचा डोंगर बदलला. कोकिंबोच्या डोंगरांवर अल्गारोबिया, कार्बोनियो यांसारखी काटेरी झुडपे आणि चागुआल नावाची, तलवारीसारख्या पानांची वनस्पती वाढते. चागुआलच्या बुंध्याशी चिंचिलाला आसरा मिळतो आणि खाद्यही मिळते. ही झुडपे तांब्याच्या भट्ट्यांसाठी आणि घरोघरच्या चुलींसाठी तोडली गेली, आणि उरलेल्या हिरवळीवर शेळ्यांचे कळप चरत राहिले. पाऊस तिथे आधीच तुटपुंजा. एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते त्या वर्षी तो बरा होतो, गवत-बिया वाढतात आणि प्राण्यांची संख्या वर जाते, मग कोरडी वर्षे आली की खाली येते. झुडपे टिकून असलेल्या उतारावर वसाहत ती वर्षे काढू शकते. उघड्याबोडक्या उतारावर ती संपते, आणि शेजारची वसाहत दूर असेल तर तिथे पुन्हा कोणी येत नाही. राखीव क्षेत्राबाहेर ज्या वसाहती आहेत त्यांच्यापुढे हाच धोका आहे.

आखूड शेपटीच्या जातीपुढे खाणींचा प्रश्न आहे. अताकामा भागातील सालारेस नोर्ते या गोल्ड फील्ड्स कंपनीच्या सोन्याच्या खाणीच्या जागेवर चिंचिलांची वस्ती आढळली, तेव्हा त्यांना पकडून दुसऱ्या खडकाळ जागी नेण्याची योजना आखली गेली. २०२० मध्ये स्थलांतर सुरू झाले. पहिल्या चार प्राण्यांपैकी दोन मेले आणि चिलीच्या पर्यावरण नियामकाने काम थांबवले. चॅपमन यांनी शंभर वर्षांपूर्वी जितकी सावधगिरी बाळगली होती तितकी सावधगिरी बाळगूनही ज्यात जीव जातात, असे हे काम आहे, आणि वर्षानुवर्षे कपारींची वहिवाट असलेला प्राणी अनोळखी खडकात टिकाव धरील हे गृहीत धरणेच मला धाडसाचे वाटते.

दुसऱ्या बाजूला, ‘सेव्ह द वाइल्ड चिंचिलाज’ नावाची संस्था १९९० च्या दशकापासून राखीव क्षेत्राच्या आसपास स्थानिक झुडपांची रोपे तयार करून उजाड उतारांवर लावते आहे आणि तिथल्या शाळांमधून मुलांना चिंचिलाची ओळख करून देते आहे. काम संथ आहे, कारण त्या कोरड्या मातीत रोप जगवणे सोपे नाही. पण चिंचिलाला लागणारी गोष्ट तीच आहे, आणि लांब शेपटीच्या जातीसाठी मला सर्वांत जास्त आशा त्याच कामात दिसते. तिथल्या झुडपांविषयी आणि निवडुंगांविषयी मी वेगळा धागा काढीन. वनस्पतींचे जाणकार त्यात भर घालतील अशी अपेक्षा आहे.